कपाटातलं पॉइंट टू-टू

ऑफिसच्या लंच टेबलावर हे वाक्य एकदा टाकून बघा, 'माझ्याकडे पिस्तूल आहे.' पोळीचा घास हातातल्या हातात राहतो. पहिला प्रश्न येतो, 'खरं?' दुसरा, 'लोडेड?' तिसरा, 'अगं पण तुला कशाला?' आणि सगळे पांगल्यावर चौथा, हळूच, कॉफी मशीनपाशी, 'एकदा बघायला मिळेल का गं?'

मंडळी, उत्तरं आधीच देऊन टाकते. खरं आहे. लोडेड नाही, घरात कधीच नसतं. बघायला मिळणार नाही. आणि 'कशाला' हा जरा मोठा विषय आहे, त्यासाठी हे पान.

त्यात मी डोंबिवलीकर. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात 'पिस्तूल' हा शब्द आपण एकाच पानावर वाचतो, क्राइमच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर शेजारच्या उल्हासनगरात चक्क पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. पुढचा आठवडाभर सोसायटीतले काका लोक लिफ्टमध्ये माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. एकांनी विचारलंसुद्धा, 'तुमचं ते... नीट आहे ना?' जसं काही मी घरात जनावर पाळलंय. आता खरं सांगू? उपमा अगदीच चुकीची नव्हती. वेळच्या वेळी पुसायचं, कोरडं ठेवायचं, बंद ठेवायचं, त्याचे कागद सांभाळायचे. पाळणंच आहे हे.

पण दिसायला ते सिनेमातल्यासारखं अजिबात नाही. माझं आहे वॉल्थर जीएसपी, जर्मन, सेकंड हॅण्ड. १९६८ साली आलेलं डिझाइन. मॅगझिन मुठीत नाही, ट्रिगरच्या पुढे. एकूण आकार एखाद्या ड्रिल मशीनसारखा. कमरेला खोचायला जाल तर पॅण्ट खाली येईल. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, माझ्या तळव्याच्या मापाने कानशीने घासून घासून बसवलेली, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या हातात ती नीट बसतच नाही. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या, कारण मॅचमध्ये सिरीज पाचचीच असते. गोळी पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर. शिशाचा दाणा सुमारे २.६ ग्रॅमचा.

खेळाचे नियमही भारी काटेकोर. पिस्तूल रिकाम्या मॅगझिनसकट १४०० ग्रॅमपेक्षा जड नको, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, आणि अख्खं पिस्तूल ३० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरच्या डब्यात मावलं पाहिजे. मॅचच्या आधी ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. ट्रिगर सुटला, म्हणजे तो ठरल्यापेक्षा हलका आहे, की तुम्ही बाहेर! म्हणजे किराणावाल्याकडची एक किलो साखरेची पिशवी एका बोटाने, हात न हलवता उचलायची, असं साठ वेळा. समोर २५ मीटरवर टार्गेट, लोकलच्या एका डब्याच्या लांबीपेक्षा जरा जास्त. त्यातलं दहाचं वर्तुळ प्रिसिजनला ५ सेंटिमीटरचं. आपला बटाटावडा त्याहून मोठा असतो.

पहिल्या तीस गोळ्या निवांत, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. नंतरच्या तीस मात्र जीव काढतात. सात सेकंद लाल दिवा, हात खाली ४५ अंशात. मग तीन सेकंद हिरवा. तेवढ्यात हात उचला, नेम धरा, एक गोळी. पुन्हा सात सेकंद लाल. हाच तो २५ मीटर पिस्तूल इव्हेंट, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली कोरियात चांगवॉनला वर्ल्ड कपचं गोल्ड घेतलं आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये पालेमबांगला पुन्हा गोल्ड घेतलं. त्या फायनलमध्ये थायलंडच्या मुलीशी ३४-३४ असा टाय झाला, मग शूट-ऑफ, त्यातही टाय, मग दुसरा शूट-ऑफ. एशियन गेम्सच्या नेमबाजीत गोल्ड जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. तिच्याआधी २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला याच इव्हेंटमध्ये अनिसा सय्यद जिंकली होती, रेल्वेत टीसी असलेली. पॅरिसला २०२४ मध्ये रायफलचं ब्रॉन्झ आणणारा स्वप्नील कुसाळेसुद्धा तेव्हा रेल्वेचा टीसीच होता. सेकंड क्लासच्या पासवर फर्स्ट क्लासमध्ये चढणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणि नेमबाजी हा आपला खेळ नाही, असं कुणी म्हणालं तर ही एक गोष्ट सांगा. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. तेच, लोकसभेचे पहिले सभापती. अहमदाबादेत स्थिरावलेला हा मराठी माणूस. आजही नॅशनल्सच्या आधीची स्पर्धा त्यांच्याच नावाने होते, आणि शूटर पोरंपोरी बिनदिक्कत विचारतात, 'तुझं मावळणकर क्लिअर झालं का?'

आता हे घरात आलं कसं? शॉर्टकट नाही, बॉस. मी आधी दोन वर्षं एअर पिस्तूल मारलं. ४.५ मिलिमीटरचं, १० मीटरवरून. ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आवाज फटाक्याएवढाही नाही. तुम्हाला हा लेख वाचून काही सुरू करावंसं वाटलं, तर तिथूनच करा, प्लीज. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलमध्येच वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. त्याच्याआधी या इव्हेंटमध्ये जगज्जेता झालेला भारतीय पुरुष एकच, अभिनव बिंद्रा. सांगायचा मुद्दा, एअरने कुणी लहान होत नाही. निम्मे हौशी तर तिथेच खूश राहतात आणि त्यांचं बरोबर असतं.

मला मात्र पॉइंट टू-टूचा तो कोरडा 'टक्' आवडला. मग वय २१ पूर्ण, क्लबची मेंबरशिप, स्पर्धांचे स्कोअर, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि अर्ज. कमिशनरेटच्या हद्दीत परवाना देणारे पोलीस आयुक्त. ठाणे शहर आयुक्तालयाची हद्द ठाण्यापासून पार कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूरपर्यंत, त्यामुळे आपली फाइल ठाण्याला. चौकशीला लोकल पोलीस स्टेशनचे एक हवालदारसाहेब घरी आले. सासूबाईंनी चहा दिला. त्यांनी विचारलं, 'कुणापासून धोका वगैरे?' मी म्हटलं, 'नाही, खेळायला पाहिजे.' ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'म्याडम, धोका असला की लिहायला सोपं जातं.'

परदेशी पिस्तूल तुम्ही-आम्ही असंच मागवू शकत नाही. ती सवलत ठरावीक दर्जाचा स्कोअर करणाऱ्या खेळाडूंना. त्यामुळे आमच्यासारखे लोक थांबतात, एखादा सीनियर खेळ सोडतोय किंवा नवीन पार्डिनी, मोरिनी घेतोय याची वाट बघत. माझं असंच एका सीनियर ताईंकडून आलं. त्यातही कायदा आहे: विकणाऱ्याने पोलिसांना किंवा परवाना देणाऱ्या कचेरीला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. त्या ४५ दिवसांत मी अक्षरशः लग्न ठरलेल्या मुलीसारखी वागत होते. फोटो बघायचे, उसासे टाकायचे. ताईंनी पिस्तूल हातात देताना त्याच्याबरोबर एक वही दिली. पहिल्या दिवसापासून किती गोळ्या झाडल्या, कुठली स्प्रिंग कधी बदलली, सगळं तारीखवार. आपण सेकंड हॅण्ड कार घेताना सर्व्हिस बुक मागतो की नाही? तस्सं. ही वही नसती तर मी ते घेतलंच नसतं, आणि तुम्हीही घेऊ नका.

आता देखभालीचा फंडा. इथे दोन टोकं असतात. एक, 'जर्मन आहे, त्याला काय होतंय' वाले. दुसरे, रोज रात्री घासणारे. दुसरे जास्त नुकसान करतात.

पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची आणि वरून मेणाचा हात दिलेली. नळीत गेली की ती आतून मेणाचा पातळ थर चढवते आणि पिस्तूल त्याच थराशी जुळवून घेतं. नळी चकाचक केलीत तर पहिल्या पाच-दहा गोळ्या कुठेही जातात, पुन्हा थर बसला की ठिकाणावर. शिसं मऊ असल्याने या नळ्या पोलादाच्या मानाने फारशा झिजत नाहीत. त्या झिजतात सळईने. तोंडाकडून सळई खुपसून घासली की नळीची कड जाते आणि मग गोळी बाहेर पडताना एका बाजूला लाथ खाते. म्हणून जमेल तेव्हा मागून पुढे, नाहीतर सळईऐवजी दोरी ओढायची. आणि तेही तेव्हा, जेव्हा टार्गेटवरचा ग्रुप उगाच पसरायला लागतो.

घाण साठते ती दुसरीकडे: गोळी बसते ती जागा, रिकामं काडतूस ओढणारी छोटी नखी, आणि मॅगझिनचे ओठ. तिथे जळलेली पावडर, मेण आणि शिसं यांचा काळा चिखल होतो. जुना टूथब्रश, जुन्या सुती साडीचं फडकं, दाढ कोरायची काडी, बस्स. तेल थेंबभर. सासूबाईंनी प्रेमाने खोबरेल सुचवलं होतं. तेलाचा बाकी सगळीकडे उपयोग होतो, इथे नाही. ते घट्ट होतं, चिकटतं, आणि डिसेंबरच्या पहाटे रेंजवर पिस्तूल माझ्यासारखंच आळसावतं. जास्त तेलही वाईट, त्यात पावडर मिसळून वाटण तयार होतं. गंमत म्हणजे शिलाई मशीनचं तेल चालतं.

मॅगझिनवर मी मार्करने १, २, ३ असे नंबर टाकलेत. गोळी अडकायला लागली की कुणामुळे अडकते ते कळतं. दहातल्या आठ वेळा पिस्तूल निर्दोष असतं आणि नंबर दोनचे ओठ वाकलेले असतात. आपल्या टीममध्येही असतं असं कुणीतरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रिगर रिकामा दाबायचा नाही! इथे 'रिमफायर' या शब्दाचा अर्थ कामाला येतो. मोठ्या काडतुसांमध्ये ठिणगीचं रसायन बुडाच्या मधोमध असतं. पॉइंट टू-टूमध्ये ते बुडाच्या काठात, त्या बारीक कडेच्या पोकळीत पसरलेलं असतं. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास घरात बसून खेळायच्या पिस्तुलासाठी ही युक्ती काढली, आणि आजची लाँग रायफल गोळी अमेरिकेत १८८७ पासूनची. म्हणजे ही पिन मध्ये मारत नाही, काठावर मारते. गोळी नसेल तर ती सरळ चेंबरच्या पोलादी कडेवर आदळते, तिथे खड्डा पडतो, आणि मग काडतूस ना नीट बसतं ना नीट निघतं. चांगल्या टार्गेट पिस्तुलांत सरावासाठी वेगळी सोय असते, नसेल तर प्लॅस्टिकचं खोटं काडतूस घालायचं. रिकामा सराव मात्र रोज हवा. आमच्या खेळातलं निम्मं काम गोळीशिवाय होतं, आणि ते स्वस्तही पडतं. कारण गोळ्या डाळ-तांदळासारख्या मिळत नाहीत. वर्षाचा कोटा परवान्यावर लिहिलेला, प्रत्येक खरेदीची नोंद. खडकीच्या कारखान्याच्या 'केएफ' छापाच्या गोळ्या सरावाला, आणि इलीसारख्या परदेशी गोळ्या मॅचसाठी जपून, पाहुण्यांच्या कपबशांसारख्या.

आणि हो, हात. शिसं हातावर येतं, दिसत नाही. रेंजवरून निघाल्यावर आधी साबण, मग वडापाव. हे मी लहान मूल घरात असलेल्यांना तर ओरडून सांगेन. रेंजचे कपडे आमच्याकडे वेगळे धुतले जातात, मुलाला उचलायच्या आधी मी शर्ट बदलते.

आता आपल्या हवेबद्दल. जर्मनांनी हे पिस्तूल बनवताना डोंबिवलीचा विचार केलेला नव्हता. एका बाजूला खाडी, वरून चार महिने पाऊस, आणि एमआयडीसी. जिथे २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तिथे लोखंडाने काय अपेक्षा ठेवायची? आमच्याकडे नळाच्या तोट्या काळ्या पडतात, एसीच्या कॉइल गळतात. ज्या सुंदर काळ्या फोमच्या पेटीत पिस्तूल येतं, ती प्रवासापुरती. फोम ओल धरून ठेवतो, जुलैत त्यात दोन आठवडे ठेवलंत तर बाहेर काढताना लाल ठिपके दिसतील. घामाचंही तेच. हातातल्या मिठाने पोलादावर बोटाचा ठसा उमटतो, आणि मग तो पुसला जात नाही. आधार कार्डाला फिंगरप्रिंट मॅच होत नाही, पिस्तुलावर मात्र कायमचा.

उपाय साधे. प्रत्येक वेळी हात लागला की तेलाच्या फडक्याने पुसून मगच आत. लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, निळ्या दाण्यांच्या. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात परतून पुन्हा निळे करायचे, स्वयंपाकाचा तवा वापरायचा नाही. पावसाळ्यात मी दर रविवारी उघडून बघते. वर्षातला एकच दिवस ते स्वतःहून बाहेर येतं, खंडेनवमीला. सासूबाईंचं म्हणणं, शस्त्र आहे तर पूजा व्हायलाच हवी. मला मान्य. फक्त हळद-कुंकू पेटीच्या झाकणावर. ती बारीक पूड यंत्रात गेली तर दसऱ्यानंतरची मॅच गेलीच म्हणून समजा. झेंडूचं फूलही झाकणावर, तेही पाणी झटकून.

बिघाडाला आम्ही का घाबरतो, ते मनू भाकरला विचारा. टोकियोला जुलै २०२१ मध्ये ऐन क्वालिफिकेशनमध्ये तिच्या एअर पिस्तुलाचा एक भाग निकामी झाला. दुरुस्तीत सुमारे वीस मिनिटं गेली. फायनल थोडक्यात हुकली. तीच मुलगी २०२४ ला पॅरिसमधून दोन ब्रॉन्झ घेऊन आली. मधल्या तीन वर्षांत लोकांनी तिला काय काय ऐकवलं होतं, आठवतंय? आमच्या रेंजवर मात्र त्या संध्याकाळी कुणी काही बोललं नाही. सगळे आपापलं पिस्तूल उघडून स्क्रू तपासत बसले होते.

आता लॉकर. जो कुणी म्हणतो की पिस्तूल गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय, त्याच्या घरी मी मुलाला पाठवत नाही. कपाटाच्या आत छोटी पोलादी तिजोरी, ती मागच्या भिंतीला, विटांच्या पार्टिशनला नव्हे तर आरसीसीला, बोल्टने घट्ट. त्यात पिस्तूल रिकामं, नळीतून केशरी दोरी काढलेली, म्हणजे लांबूनही दिसतं की आत काही नाही. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. रेंजवर नेतानाही तसंच: पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या, परवाना जवळ. वरळीला जायचं असेल तर आम्ही पहाटे साडेपाचला कार काढतो, कारण त्यानंतर शिळफाटा म्हणजे ध्यानधारणाच.

किल्ली एकच, माझ्याकडे. परवाना माझ्या नावावर म्हणजे ताबाही माझाच, नवऱ्याचा नाही. लग्नात एकमेकांचे पासवर्ड माहीत असलेले आम्ही, पण त्या किल्लीची जागा त्याला ठाऊक नाही. सुरुवातीला हा आमच्याकडे विनोदाचा विषय होता. पाहुण्यांसमोर तो म्हणायचा, 'हिच्याशी मी जपून बोलतो.'

मग एका वर्षी त्याची नोकरी गेली. कंपनीने एका मेलमध्ये पूर्ण टीम बंद केली. पहिला महिना तो ठीक होता, सीव्ही पाठवत होता. तिसऱ्या महिन्यात दुपारी पडदे ओढून झोपायला लागला. दाढी नाही, जेवण नाही, मुलाशी बोलणं नाही. आम्ही एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, 'घरात झोपेच्या गोळ्या, कीटकनाशक, असं काही?' मी म्हटलं, 'पिस्तूल आहे. कुलपात. किल्ली माझ्याकडे.' त्या फक्त एवढंच म्हणाल्या, 'काही दिवस घराबाहेर ठेवता येईल का?'

येतं. हे फार कमी जणांना माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ते सांभाळायला ठेवता येतं, रीतसर पावती मिळते, थोडं भाडं असतं. दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून मी पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही जमा केलं. संध्याकाळी त्याला सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'माझ्यावर विश्वास नाही का?'

मी म्हटलं, 'तुझ्यावर आहे. रात्री तीन वाजताच्या तुझ्यावर नाही.'

तो पहिल्यांदाच रडला. त्या रात्री आम्ही खूप बोललो, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पाच महिने पिस्तूल बाहेर होतं. राज्य स्पर्धा त्यात गेली, गेली तर गेली. औषधं, बाईंकडच्या फेऱ्या, मग ठाण्यात वागळे इस्टेटला एक नवी नोकरी, आधीपेक्षा कमी पगाराची आणि घराच्या जवळची. 'आता घेऊन ये' असं तोच म्हणाला. मी आधी बाईंना विचारलं, मग आणलं. रेंजवर एक-दोघांनी ऐकून मान उडवली, 'एवढं काय, किल्ली तुझ्याकडेच होती ना!' त्यांच्याशी मी वाद घालत नाही. कुलूप चोरासाठी आणि मुलासाठी असतं. घरातल्या मोठ्या, हुशार, दुखावलेल्या माणसाला कुलूप किती वेळ थांबवतं?

परवान्याचा व्यवहार आता जरा सुटसुटीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. मात्र साध्या परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंना वेगळी सूट आहे. आमच्यासारख्यांना एकच पुरे, तेच सांभाळताना नाकीनऊ. देशभरातल्या परवान्यांचा डेटाबेस आहे, प्रत्येकाचा युनिक नंबर. निवडणुका आल्या की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. २०२४ मध्ये आपल्याकडे लोकसभा २० मेला आणि विधानसभा २० नोव्हेंबरला, म्हणजे वर्षात दोनदा ती धावपळ. रायफल असोसिएशनच्या मेंबर खेळाडूंना स्पर्धांसाठी सवलत असते, पण पत्र, मेंबरशिप कार्ड आणि स्पर्धेचं वेळापत्रक घेऊन आधीच पोलीस स्टेशनला जावं लागतं. मी यंदा रिन्यूअलची फाइल केली तेव्हा 'शस्त्र बाळगण्याचे कारण' या रकान्यापाशी जरा थांबले. मी राही सरनोबत होणार नाही. चाळिशी समोर दिसतेय, सकाळची फास्ट लोकल उभ्याने करून खांदा आधीच वाकडा झालाय, माझा बेस्ट स्कोअर राज्याच्या फायनलच्या बराच खाली. मग एक कुलूपबंद धोका घरात ठेवायचा तो कशासाठी? सासूबाई म्हणाल्या, 'विकून टाक, सोनं घे.' सल्ला वाईट नव्हता.

तरी मी लिहिलं, 'क्रीडा'. कारण आठवड्यातली ती साठ-सत्तर मिनिटं सोडली तर माझ्या आयुष्यात अशी दुसरी कुठलीच जागा नाही, जिथे तीन सेकंदांत फक्त एकच गोष्ट करायची असते आणि फोन दुसऱ्या खोलीत असतो.

सध्या रिकामा सराव रात्री साडेनऊला, मुलगा आजीपाशी झोपल्यावर. खिडकीचा पडदा बंद, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर दोनदा तपासलेलं, समोरच्या कोऱ्या भिंतीवर रुपयाएवढा काळा ठिपका. नवरा स्टॉपवॉच घेऊन माझ्या मागे खुर्चीत बसतो. 'अटेन्शन,' म्हणतो, सात सेकंद मोजतो, मग टिचकी वाजवतो. तीन सेकंदांनी पुन्हा टिचकी. परवा मी अकरा वेळा वेळेत होते आणि चार वेळा उशिरा. 'तू उचलताना श्वास रोखतेस,' तो म्हणाला. दोन वर्षांत कुठल्याच कोचच्या हे लक्षात आलं नव्हतं.